कॉमिक अंक आणि मूळ चित्रे: कशी निवडावीत, कशी जपावीत

भारतातले पहिले कॉमिक कन्व्हेन्शन फेब्रुवारी 2011 मध्ये दिल्लीच्या दिल्ली हाटात भरले. अमर चित्र कथेचे जनक अनंत पै यांना तिथे जीवनगौरवाचा मान देण्यात आला आणि त्याच महिन्याच्या 24 तारखेला ते गेले. पुढे मुंबई, पुणे, बंगळूर, हैदराबाद अशा शहरांतही कॉमिक कॉन भरू लागले. आज कॉलेजात जाणारी मुले आणि वेताळाच्या गोष्टींवर वाढलेले त्यांचे आईबाप एकाच रांगेत उभे असतात. दिवसभर फिरून सगळे पिशव्या भरून घरी येतात आणि खरी अडचण तिथून सुरू होते. गुंडाळलेली पोस्टरे कपाटाच्या डोक्यावर जातात, सही घेतलेला अंक वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याशेजारी पडतो आणि दोन पावसाळ्यांत कागदावर तपकिरी ठिपके उमटतात.

ज्यांना मनापासून संग्रह करायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. निवड, निगा आणि नोंद या तिन्ही गोष्टींकडे सारखेच लक्ष दिले, तर बेताच्या पैशांतही मोलाचा संग्रह उभा राहतो. यातले एक जरी सुटले तरी उरते ती जुन्या कागदांची चळत.

संग्रह कशाचा, ते आधी ठरवा

कॉमिक कॉनमध्ये शेकडो टेबले मांडलेली असतात. दिसेल ते घेत गेलात, तर दुपारपर्यंत खिसा रिकामा होतो आणि हाती एकमेकांशी नाते नसलेल्या वस्तू उरतात. म्हणून एक सूत्र पकडा. ते एखाद्या पात्राचे असेल, एखाद्या मालिकेचे, एखाद्या चित्रकाराचे किंवा एखाद्या भाषेचे.

मराठी वाचकासाठी अशी सूत्रे हाताशीच आहेत. टाइम्स ऑफ इंडिया समूहाची इंद्रजाल कॉमिक्स मार्च 1964 मध्ये सुरू झाली आणि 1990 पर्यंत चालली. इंग्रजी, हिंदीबरोबर ती मराठीतही निघत होती. सगळे मिळून सुमारे 800 अंक निघाले. नुसते मराठी अंक गोळा करायचे म्हटले, तरी ते काही वर्षांचे काम आहे.

दुसरे सूत्र चित्रकारांचे. अमर चित्र कथेच्या 'कृष्ण' या अंकाची चित्रे राम वाईरकरांची, आणि टिंकलमधल्या सुपंडीला चेहरा दिला तोही त्यांनीच. 'शिवाजी' या अंकाची संहिता फास्टर फेणेचे लेखक भा. रा. भागवत यांची, तर चित्रे प्रताप मुळीक यांची. हेच मुळीक पुढे 1986 मध्ये राज कॉमिक्सच्या नागराजच्या जन्माशी जोडले गेले. दिलीप कदम, चंद्रकांत राणे, सी. एम. विटणकर यांची नावेही अंकांच्या पहिल्या पानांवर सापडतील. यांतल्या एकाच चित्रकाराचे काम शोधत गेलात, तरी भारतीय कॉमिकचा पाव शतकाचा इतिहास तुमच्या हाताखालून जाईल.

तिसरे सूत्र आज काम करणाऱ्यांचे. मुंबईचे अभिजीत किणी त्यांची 'अँग्री मावशी' आणि विवेक गोयल त्यांचे 'रावणायन' स्वतः प्रकाशित करून वाचकांपर्यंत नेत आले आहेत. अशा स्वतंत्र चित्रकारांची पहिली आवृत्ती बहुधा लहान असते आणि ती विकत घेण्याची योग्य वेळ आजच असते. नव्या संग्राहकाने इथूनच सुरुवात करावी असे मला ठामपणे वाटते. पैसे थेट चित्रकाराच्या हाती जातात, वस्तूच्या खरेपणाबद्दल शंका राहत नाही आणि चित्रामागची गोष्ट ज्याने काढले त्याच्याच तोंडून ऐकायला मिळते.

जाण्यापूर्वीची तयारी

हवे असलेल्या अंकांची यादी क्रमांकासह लिहून न्या. इंद्रजालच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवा. पहिल्या 443 अंकांवर सरळ क्रमांक आहे, त्यानंतर खंड 20, अंक 1 अशी मोजणी सुरू होते. अमर चित्र कथेतही असाच फरक आहे. मूळ मालिकेत 'कृष्ण' हा 11 वा अंक होता, कारण पहिले दहा परदेशी परीकथांचे होते. पुढच्या फेरछपाईत क्रमांक 501 पासून नव्याने दिले गेले. हे माहीत नसेल, तर फेरछपाईचा अंक जुना समजून जास्त पैसे मोजले जातात.

सोबत पुठ्ठ्याचे दोन ताठ तुकडे, प्लॅस्टिकची मोठी बंद होणारी पिशवी, छोटे भिंग, पेन्सिल आणि डायरी असू द्या. पुठ्ठे ए3 पेक्षा थोडे मोठे घ्या. अमेरिकी पद्धतीचे कॉमिकचे मूळ पान साधारण 11 बाय 17 इंचांच्या जाड कागदावर असते, ते या पुठ्ठ्यांत सुखरूप बसते. मूळ चित्र कधीही गुंडाळू नका, शाईला आणि पांढऱ्या रंगाला तडे जातात. छापील पोस्टर गुंडाळायला हरकत नाही, पण घरी आल्यावर त्याच दिवशी उलगडून सपाट ठेवा.

चित्रकाराकडून तिथल्या तिथे स्केच काढून घ्यायचे असेल, तर दार उघडताच त्याच्या टेबलाकडे जा. बरेच चित्रकार दिवसाला ठरावीक स्केचेच घेतात आणि यादी सकाळीच भरते. जुन्या अंकांच्या विक्रेत्यांकडे मात्र शेवटच्या दिवशी दुपारनंतर गेलात तरी चालते. माल परत न्यायचा त्यांनाही कंटाळा असतो, त्यामुळे भाव उतरतो.

जुना अंक हातात घेतल्यावर

मुंबईत फोर्टच्या किंवा माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या पदपथावर, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, नाहीतर कॉमिक कॉनमधल्या विक्रेत्याकडे, जुना अंक कुठेही मिळो, तपासायची पद्धत एकच. घाई करू नका. विक्रेत्याची परवानगी घ्या, हात पुसा आणि अंक टेबलावर सपाट ठेवून उघडा.

आधी पिना पाहा. कण्याजवळच्या दोन्ही पिना गंजल्या असतील, तर त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरलेला दिसतो आणि तिथला कागद कुजायला लागलेला असतो. पिना नव्या कोऱ्या चकचकीत असतील, तर त्या बदललेल्या असू शकतात. मग मुखपृष्ठ आणि आतली पाने एकाच अंकाची आहेत का, हे पाहायला हवे. आतल्या पानांचे क्रमांक सलग मोजा. मधले जोडपान गायब असणे हा जुन्या अंकांतला नेहमीचा दोष आहे, कारण पिना सैल झाल्या की तेच पहिल्यांदा निघून येते. कोडी, चित्रे कापून घ्यायचे कोपरे आणि शेवटच्या पानावरची जाहिरातही बघा. शाळकरी हातांनी कात्री तिथेच चालवलेली असते.

मग कागदाचा रंग. वर्तमानपत्री कागदात लाकडाचा लगदा असतो आणि त्यातल्या लिग्निनमुळे हवा व उजेड लागून कागद पिवळा पडत जातो. सगळे पान एकसारखे पिवळसर असेल तर ते वयाचे लक्षण, ते स्वीकारावे. कडा तपकिरी होऊन कोपरा वाकवताच तुटत असेल, तर अंक ठिसूळ झाला आहे. अंक दुर्मीळ असेल तरच घ्या आणि घेतल्यावर वाचण्यासाठी वेगळी प्रत शोधा.

नाकाचाही उपयोग करा. बुरशीचा कुबट वास येणारा अंक कितीही हवासा असला, तरी तो तसाच इतर अंकांत नेऊन ठेवला तर सगळा संग्रह धोक्यात येतो. सेलोटेपने चिकटवलेले मुखपृष्ठही टाळा. टेपचा डिंक कागदात मुरून कायमचा पिवळा पट्टा उमटवतो आणि घरी तो काढायला गेलात, तर वरची छपाई सोलून येते.

मूळ चित्र की छापील प्रत?

कॉमिक कॉनमध्ये तीन तऱ्हेची चित्रे विकायला असतात. हाताने काढलेले मूळ चित्र, चित्रकाराच्या सहीची छापील प्रत आणि साधे पोस्टर. तिन्हींना आपापली जागा आहे. मात्र पहिल्याची किंमत देऊन दुसरे घरी येऊ नये.

भिंग डोळ्याला लावा. छापील चित्रात निळे, गुलाबी, पिवळे, काळे बारीक ठिपके दिसतात. हाताने रंगवलेल्या चित्रात रंग कागदाच्या तंतूंत उतरलेला असतो. काळ्या शाईच्या मूळ पानात मोठ्या काळ्या भागावर प्रकाश तिरपा पडू द्या. ब्रशचे फटकारे दिसतात, शाई कुठे दाट कुठे विरळ असते. रेषा चुकली तिथे पांढऱ्या रंगाचा जाडसर थर असतो. खाली निळ्या पेन्सिलीच्या फिकट रेषा असतात, कारण छपाईच्या कॅमेऱ्याला तो निळा रंग दिसत नसे. कडेच्या कोऱ्या जागेत पान क्रमांक, छपाईसाठीच्या सूचना, कधी संपादकाची खूण. जुन्या पानांवर संवादाच्या पट्ट्या वेगळ्या लिहून चिकटवलेल्या असतात आणि त्यांतली एखादी सुटत आलेली असते. या सगळ्या चित्रकाराच्या कामाच्या खुणा आहेत. नवखा माणूस त्यांना डाग समजतो, जाणकार त्यांच्यासाठीच पान घेतो.

थोडा इतिहास माहीत असेल तर फसवणूकही टळते. इंद्रजालमधल्या वेताळ आणि मँड्रेकच्या कथा अमेरिकी वर्तमानपत्रांतल्या चित्रपट्ट्यांवरून घेतलेल्या होत्या. त्या पट्ट्यांची मूळ चित्रे अमेरिकेत तयार झाली. मुखपृष्ठे मात्र इथे रंगवली जात आणि त्यांत बी. गोविंद यांचे नाव मोठे आहे. म्हणून 'इंद्रजालमधल्या वेताळाचे आतले मूळ पान' असे सांगून कोणी काही पुढे केले, तर सावध व्हा. 'बहादूर'ची गोष्ट वेगळी. आबिद सुरतींनी 1976 मध्ये निर्माण केलेला हा नायक इथल्याच चित्रकारांनी रेखाटला, त्यामुळे त्याची मूळ पाने भारतात असणे स्वाभाविक आहे.

आजच्या कॉमिकबद्दलही एक प्रश्न आधी विचारा. पान संगणकावर काढले आहे का? काढले असेल तर त्याचे कागदावरचे मूळ चित्र नसतेच. चित्रकाराने मर्यादित संख्येत काढलेली, सही आणि क्रमांक घातलेली प्रत हीच तिथे संग्रहाची वस्तू. एकूण किती प्रती काढल्या, हे प्रतीवर लिहिलेले असायला हवे.

चित्रकाराच्या टेबलापाशी

आधी त्याचे काम पाहा, मग मागणी करा. चित्रकाराची पुस्तके न चाळता भलत्याच कंपनीचा सुपरहिरो काढून मागणे त्याला रुचत नाही आणि चित्रातही जीव येत नाही. त्याचे स्वतःचे पात्र मागा, चित्र जास्त खुलते.

भाव, आकार, माध्यम, किती वेळ लागेल आणि चित्र तिथेच मिळणार की नंतर पाठवणार, हे आधी बोलून घ्या. नंतर पाठवणार असेल तर आगाऊ रकमेची पावती किंवा निदान लेखी संदेश घ्या. जुन्या अंकांच्या विक्रेत्याशी घासाघीस चालते, चित्रकाराशी करू नये. झेपत नसेल तर लहान आकाराचे किंवा फक्त काळ्या शाईतले चित्र मागा.

माध्यमाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. झटपट स्केचसाठी वापरले जाणारे अल्कोहोल मार्कर दिसायला झळझळीत असतात, पण त्यांचा रंग उजेडात लवकर उडतो. काळी इंडियन इंक कार्बनची असते, ती पिढ्यान् पिढ्या टिकते. भिंतीवर लावण्यासाठी चित्र हवे असेल तर इंडियन इंक किंवा जलरंगांतले मागा. मार्करचे चित्र हवे असेल तर ते फाइलमध्ये ठेवायची तयारी असू द्या.

सही घेताना जाड मार्कर टाळा. त्याची शाई कागदातून आरपार जाते. आतल्या पहिल्या पानावर, पिगमेंट शाईच्या बारीक पेनाने, तारखेसह सही घ्या. आपले नाव घालून घ्यावे की नाही, यावर संग्राहकांत दोन मते आहेत. नाव घातले की विक्रीची किंमत थोडी कमी होते हे खरे. पण विकण्यासाठी घेत नसाल तर नाव जरूर घालून घ्या.

घरी आणल्यावर

आपला खरा शत्रू दमट हवा. पावसाळ्यात मुंबई, कोकण आणि गोव्यात हवेतली आर्द्रता कितीतरी दिवस 80 टक्क्यांच्या वर असते. 65 च्या वर गेली की कागदावर बुरशी धरू लागते. कपाटात 50 च्या आसपास राहिली तर उत्तम. आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र फार महाग नसते, ते कपाटातच ठेवा.

प्रत्येक अंक वेगळ्या पिशवीत घाला. पिशवी पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची हवी. पीव्हीसी, म्हणजे बाजारात सर्रास मिळणारे मऊ, वासाचे प्लॅस्टिक, कागदाला चिकटते आणि शाई ओढून घेते. अंकामागे आम्लमुक्त पुठ्ठा द्या. साधा राखाडी पुठ्ठा आम्लयुक्त असतो आणि स्वतःचा पिवळेपणा अंकाला देतो. पिशव्या मागवण्याआधी अंकांची मापे घ्या, इंद्रजाल, अमर चित्र कथा आणि अमेरिकी अंक यांचे आकार सारखे नाहीत.

पिशव्यांत भरण्याचे काम कोरड्या दिवसांत करा. जुलैत ओलसर झालेला अंक पिशवीत बंद केलात, तर ओल आतच कोंडते आणि पिशवीच बुरशीला पोसते. दिवाळीनंतर, हवा सुकली की अंक सावलीत दोन दिवस मोकळे ठेवून मग भरा. उन्हात टाकू नका.

कपाट लोखंडी असावे, बाहेरच्या भिंतीला टेकलेले नसावे आणि खालचा कप्पा जमिनीपासून वर असावा. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्यांचा रंग बदलला की वाळवून पुन्हा वापरा. डांबराच्या गोळ्या कागदाशेजारी नकोत. त्यांची वाफ कागदालाही चांगली नाही आणि घरातल्या माणसांनाही. वाळलेली कडुनिंबाची पाने ठेवायची आपली जुनी रीत पाळायची असेल तर पाने कापडी पुरचुंडीत बांधा, कागदाला टेकू देऊ नका. कसर आणि वाळवी यांवर खरा उपाय एकच, दर महिना-दोन महिन्यांनी कपाट उघडून बघणे.

लॅमिनेशन कधीही करू नका. ते परत काढता येत नाही आणि चित्र कायमचे जाते.

फ्रेम करताना चित्राभोवती आम्लमुक्त माउंट घाला, म्हणजे काच चित्राला टेकणार नाही. अतिनील किरण अडवणारी काच परवडत असेल तर तीच घ्या. ऊन येणारी आणि पावसाळ्यात ओल धरणारी भिंत टाळा. चार चित्रे असतील तर दोन लावा, दोन अंधारात ठेवा आणि वर्षाने अदलाबदल करा.

नोंद आणि हक्क

नोंदवहीशिवाय संग्रह अपुरा. प्रत्येक वस्तूची नोंद करा. काय आहे, चित्रकार आणि लेखक कोण, कोणत्या अंकातले कितवे पान, कोणाकडून, कुठे, केव्हा, कितीला घेतले, अवस्था कशी आहे. पावती जपा. चित्रकाराच्या परवानगीने चित्र हातात घेतलेला त्याचा फोटो काढा. दोन्ही बाजूंचे स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा. मूळ चित्राच्या मागे काहीही चिकटवू नका, क्रमांक घालायचा तर मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात.

पान चित्रकाराचे होते की प्रकाशकाचे, हेही विचारा. अमेरिकेत पूर्वी प्रकाशक मूळ पाने स्वतःकडेच ठेवत. जॅक कर्बी यांच्यासारख्या दिग्गजालाही आपली पाने परत मिळवण्यासाठी मार्व्हलशी वर्षानुवर्षे झगडावे लागले आणि 1987 मध्ये हाती आला तो त्यांच्या एकूण कामातला थोडासाच भाग. मालकीचा माग स्पष्ट नसलेले पान घेणे म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीत सहभागी होणे.

चित्र विकत घेतले म्हणजे ते छापायचा हक्क मिळाला असे होत नाही. टी-शर्टवर, पुस्तकावर किंवा विक्रीच्या पोस्टरवर वापरायचे तर हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात आणखी एक तरतूद आहे. चित्रकार त्या कामाच्या हक्कांचा पहिला मालक असेल आणि मूळ चित्र 10,000 रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकले गेले, तर त्या किमतीत चित्रकाराचा किंवा त्याच्या वारसांचा वाटा असतो. ही तरतूद फार थोड्यांना माहीत आहे. संग्राहकाने ती स्वतःहून पाळावी.

शेवटी एक विनंती. मराठी कॉमिकचे जुने अंक सार्वजनिक वाचनालयांत क्वचितच सापडतात, आणि ज्यांनी ते रेखाटले त्यांच्यातले अनेक जण आता नाहीत. जे उरले आहे ते बरेचसे घराघरांतल्या कपाटांत आहे. तुमच्याकडे किंवा काका-मामांकडे इंद्रजाल, चांदोबा, अमर चित्र कथा यांचे जुने मराठी अंक असतील, तर ते रद्दीत देऊ नका. या दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत ते बाहेर काढा, यादी करा, पिशव्यांत भरा. आणि पुढच्या कॉमिक कॉनला गेलात की निदान एक मूळ चित्र आज काम करणाऱ्या चित्रकाराकडून, त्याने सांगितलेल्या किमतीला विकत घ्या.